दाराकडे झुकलेलं रोप

आईला उजेड सोसायचा नाही, डोकं उठायचं. तिच्या खोलीचे पडदे कायम ओढलेले. पण हिरव्या पानांचं भारी वेड! कुठलंही झाड तिथे आठवड्यात मान टाकायचं. नर्सरीवाले बाबा हट्टाला पेटले: अंधारात तगणारं नवं वाण काढायचंच. संकर केले, रोपांमागून रोपं फेकली, शेवटी रुपेरी शिरांचं एक तगलं. तोवर आईच गेली. तरी बाबांनी कुंडी तिच्याच खोलीत ठेवली. आज मी पडदा उघडायला गेले, तर खेकसले, "हात लावू नकोस, चाचणी चालू आहे!" "बाबा, ते वाण केव्हाच बाजारात गेलं." रोप दाराच्या फटीतल्या उजेडाकडे झुकलं होतं. "झुकू नये म्हणून कुंडी फिरवायची, तुम्हीच शिकवलंत ना?" मी वळवू लागले, त्यांनी हात धरला. "राहू दे गं. दाराकडे डोळे लावून बसायला तेवढीच सोबत."