कासराभर दिवस

पानाबाईने गडवा अंगणातच उपडा केला. पळसाच्या फुलांचं केशरी पाणी फरशीवरून वाहत मोरीला गेलं आणि भिजून मऊ झालेली फुलं दगडांवर चिकटून राहिली.

दारात आवडाबाई उभी होती. डोक्यावरची भाजीची टोपलीसुद्धा तिने अजून उतरवली नव्हती. केनवडच्या या जैन शेठजींच्या घरी ती मळ्यातली भाजी घालायची. काल भाजी देताना तिने आतून शेठाणी पानाबाईच्या सुनेचं, जतनबाईचं कण्हणं ऐकलं. तिला उन्हाळी लागली होती. लघवीला आग होते म्हणून पोर पाणी पीत नव्हती, आणि पाणी पीत नव्हती म्हणून आग वाढत होती. यावर पळसफुलांचं पाणी द्यावं, हे मळ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आवडाबाई तशीच भर उन्हात माळावर गेली, हातापायांवर बोरीचे ओरखडे घेत फुलं वेचून आणली, रात्रभर भिजत घातली. आज मोटेचं पाणी वांग्यांना वळवता वळवता दिवस कलला, तेव्हा कुठे तिची सुटका झाली. आणि इथे हा मान मिळाला!

"काहून फेकलं वं शेठाणी? जहर होतं का त्यात?"

"रातचं भिजलेलं आहे. आमच्या घरात चालत नाही."

"पाणी तं तुमचंच होतं! काल तुमच्याच हंड्यातलं, गाळलेलं नेलं मी. एकेक फूल झटकलं, मुंगी मरू नये म्हणून. आखीन काय पायजे तुमाले?"

"गाळलेलं पाणीही रातभर ठेवता येत नाही. जीव पडतात त्यात."

गाळलेल्या पाण्यालाही मुदत असते, हे आवडाबाईच्या डोक्यातच आलं नव्हतं. चूक तिचीच होती. म्हणून तर तिचा राग आणखी भडकला.

"पाण्यातले जीव दिसतात तुमाले. आतमधी एक जीव तडफडून राह्यला, तो नाई दिसत?"

पानाबाईचा चेहरा लाल झाला. तिच्या दारात येऊन असं बोलायची कुणाची छाती नव्हती. "तोंड सांभाळ आवडे! सून माझी आहे."

"मंग सुनेवाणी जपा तिले!"

आतून जतनबाईचा आवाज आला. रडण्याचाही नाही, दात आवळून धरल्यासारखा.

आवडाबाईने टोपली दाणकन खाली ठेवली आणि मेथीच्या जुड्यांखालून एक फडकं ओढून काढलं. त्यात उरलेली फुलं होती.

"हे घ्या. पाणी तुमचं, भांडं तुमचं, चूल तुमची. आत्ताच्या आत्ता उकळा. आता तं चालते ना?"

पानाबाईने फुलं घेतली आणि मावळतीकडे पाहिलं. सूर्य समोरच्या घराच्या कौलांना टेकायला आला होता.

"दिस बुडाला का तिले काहीच देता येत नाही. पाण्याचा घोटही नाही. नेम आहे तिचा. सारी रात कोरडी काढते पोरगी."

"मंग इथं उभं राहून कायले पाहता? जाळ लावा!"

पानाबाईने पदर खोचला आणि चूल पेटवली. राग काही एकट्या आवडाबाईच्या मालकीचा नव्हता. लाकडं चुलीत अशी कोंबली जात होती की विचारू नका. माळणीला स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नव्हतं, म्हणून ती उंबऱ्याबाहेरून तोंड चालवत होती.

"काळे देठ काढा ना. कडू करता काय?"

"मले शिकवू नको."

"येवढं पाणी कायले? अर्धं करा. केव्हा उकळणार ते?"

"चूप बस म्हटलं ना!"

पाण्याला उकळी आली, रंग उतरला. पानाबाईने ते गाळलं, खडीसाखर घातली. आता ते निवेना. या भांड्यातून त्या भांड्यात ओतताना तिची बोटं भाजली, ती करवादली, पण हात थांबवला नाही. दोघींची नजर पुन्हा पुन्हा कौलांकडे जात होती. सूर्याला काय, तो कुणाच्या सुनेसाठी थांबतो थोडाच!

मधल्या खोलीत कायमचा अंधार. उजेडाला एकच खिडकी, तीही मावळतीची. जतनबाई डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून पडली होती. पानाबाईने तिला एका हाताने उठवून छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताने वाटी ओठांशी नेली. पोरीने तोंड फिरवलं.

"मांजी, दिस आहे ना अजून?"

पानाबाईचा हात थांबला. खिडकीतून समोरच्या कैलासचंदांचा ओटा दिसत होता. तिथे कुणीतरी नुकताच कंदील लावून वात वर करत होतं. मागोमाग येऊन खोलीच्या दाराबाहेर थांबलेल्या आवडाबाईनेही तो पाहिला. घ्या आता, कवटाळा तुमचा नेम, असं अगदी तिच्या ओठांवर आलं. आणि पानाबाई खोटं बोलत नाही, ही गोष्ट तर साऱ्या गावाला माहीत होती. तिच्या शब्दावर लोकांचे तंटे मिटायचे.

"आहे ना," पानाबाई म्हणाली. "चांगला कासराभर आहे. पी."

जतनबाईने वाटीला ओठ लावले. एक घोट, मग दुसरा.

पानाबाईने मान वळवली आणि दारातल्या आवडाबाईवर खेकसली, "तिथं खांबावाणी कायले उभी राह्यली? आत ये. खिडकी लाव ना वं, ऊन येऊन राह्यलं पोरीच्या डोळ्यावर!"