नावडती म्हणजे कोण?

धुळ्यात नव्यानेच निघालेल्या बालवाडीच्या सुनंदाबाई घरोघरी सांगायच्या, "मुलांना रोज गोष्ट वाचून दाखवा, शब्द वाढतील." आमच्या शेजारच्या अक्कांनी ते अगदी मनावर घेतलं. श्रावणभर त्या नातीच्या, सिंधूच्या मुठीत तांदूळ देऊन आवडत्या-नावडत्या राणीची कहाणी वाचायच्या, आणि नावडतीचे हाल आले की पदराने डोळे पुसायच्या. इतकं कोवळं मन हो अक्कांचं!

शेवटच्या शुक्रवारी सुनंदाबाई सवाष्ण म्हणून जेवायला आल्या. अक्कांची सून चुलीशी पोळ्या भाजत होती. पुरणपोळीवर तूप वाढता वाढता अक्का कौतुकाने म्हणाल्या, "सिंधू, बाईंना सांग बरं, नावडती म्हणजे कोण?"

सिंधूने लगेच चुलीकडे बोट दाखवलं.



"जिले रोज शिळी भाकर भेटस, ती! मनी माय."