नोटिशीखालची सही

“राज्यशास्त्र शिकून तुला मिळणार काय, ते सांग आधी!” मुकुल तिसऱ्यांदा ओरडला. त्याच्यापुढचे पोहे केव्हाच गार झाले होते.

भांडण खरं तर लिफ्टचं होतं. मुकुल हा या कानडी शहरातल्या सर्जापूर रोडवरच्या त्यांच्या अपार्टमेंट असोसिएशनचा प्रेसिडेंट. कामवाल्यांनी वापरायची ती सामानाची लिफ्ट बंद पडून तीन आठवडे झाले होते. सकाळी ऑफिसला निघताना कामवाल्यांच्या गर्दीत ताटकळावं लागतं, म्हणून तक्रारींचा नुसता पाऊस पडला होता. मुकुलने नोटीस टाइप केली: उद्यापासून घरकाम करणाऱ्यांनी रहिवाशांची लिफ्ट वापरू नये, जिन्याने ये-जा करावी. आता यांचं स्वतःचं घर अकराव्या मजल्यावर. यांच्याकडे काम करणाऱ्या श्यामलाचे गुडघे कामातून गेलेले. अकरा मजले चढायचे म्हणजे तिची नोकरी गेलीच! एवढं कळायला राज्यशास्त्र कशाला लागतं?

पण त्यांच्या चिरंजीवांना, म्हणजे ईशानला, राज्यशास्त्रच सांगायचं होतं. दुसऱ्या वर्षाला होता ना!

“बाबा, ही सत्तेची विषमता आहे. ज्यांच्यावर निर्णय लादला जातो, त्यांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न...”

“माणसासारखं बोल! शेजारच्या वेणुगोपालचा मुलगा बघ, इंटर्नशिप मिळाली त्याला. आणि तू? फी भरून घरात विरोधी पक्ष पाळलाय मी!”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. श्यामला निपाणीकडची, घरी मराठीच बोलणारी, तिला शब्दन् शब्द कळत होता. त्या दोघांना कुठलं भान? ईशानची आई, केतकी, कोपऱ्यात इस्त्री करत होती. ती दोनदा ‘पुरे करा’ म्हणाली. तेही कुणी ऐकलं नाही.

“एवढंच सांग बाबा, मीटिंग न घेता नोटीस काढायचा अधिकार तुला दिला कुणी?”

मुकुलने तावातावाने लॅपटॉप ओढला आणि असोसिएशनची नियमावली उघडली. “हे घे! नियम नऊ. समितीचा सदस्य स्वतःच्या सहीने नोटीस काढू शकतो. झालं समाधान?”

“पुढची ओळ वाच.”

पुढची ओळ मुकुलने मोठ्याने वाचली नाही. समितीवरची जागा फ्लॅटची, आणि ज्याच्या नावावर फ्लॅटचं खरेदीखत, तोच सदस्य, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. आणि खरेदीखत होतं केतकीच्या नावावर. बाईच्या नावावर घर घेतलं की कर्जाचं व्याज किंचित कमी पडतं, म्हणून मुकुलनेच ती शक्कल लढवली होती. केतकीने तेव्हा पेन्सिलीच्या फुल्या दिसतील तिथे सह्या ठोकल्या होत्या, बस्स. चार वर्षं प्रेसिडेंट म्हणून मिरवणारा हा गृहस्थ साधा सदस्यसुद्धा नव्हता! साडेतीनशे फ्लॅटांत कुणाला त्याचा पत्ता नव्हता. नियम वाचतो कोण?

ईशान फिस्सकन हसला. हसायला नको होतं. मुकुलचा पारा असा चढला की विचारू नका. त्याने प्रिंटरमधून नोटीस ओढली, खाली पेन्सिलीने फुली मारली आणि कागद इस्त्रीच्या टेबलावर आपटला.

“कर सही.”

“काय आहे त्यात?” केतकीने विचारलं.

“तुला काय करायचंय? फॉर्मॅलिटी आहे. फुली मारलीय तिथे कर.”

“आई, अजिबात करू नकोस!” ईशान उठून उभा राहिला.

“कर म्हणतोय ना मी!”

“करायची नाही म्हणजे नाही, आई!”

केतकीने इस्त्रीचं बटण खाडकन बंद केलं.

“गप्प बसा दोघंही! हा म्हणतो कर, तो म्हणतो करू नको. मला काय वाटतं ते विचारलंत कुणी? आणि ईशान, तासभर श्यामलाताईंचा कैवार घेऊन घसा फोडतोयस तू. त्या दहा पावलांवर उभ्या आहेत. त्यांना एका शब्दाने विचारलंस? दोन वर्षांत एवढंही नाही शिकवलं तुझ्या कॉलेजात?”

“वा! मी तेच म्हणतोय मघापासून!” मुकुल खूश झाला. बायको आपल्या बाजूने बोलतेय, असं त्याला वाटलं.

ईशानचं तोंड उतरलं. त्याला खरोखरच लाज वाटली. सत्ता, विषमता, प्रतिनिधित्व, सगळं पाठ होतं बिचाऱ्याला. कुणी काही विचारलं की धडाधडा म्हणून दाखवत असे.

केतकीने श्यामलाला बाहेर बोलावलं, जेवणाच्या टेबलाशी खुर्ची दिली आणि नोटीस तिच्यापुढे ठेवली.

“श्यामलाताई, हा कागद तुमच्याबद्दल आहे. माझ्या सहीशिवाय तो निघत नाही, आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय मी सही करत नाही. बोला.”

“अगं, आता हिला विचारून नोटिसा काढायच्या का?” मुकुल कडाडला.

श्यामला खुर्चीत बसली. ओले हात तिने पदराला पुसले. कागद उलटसुलट करून पाहिला. सगळा इंग्रजीत. मग तिने तो उचलला आणि केतकीकडे नाही, ईशानकडेही नाही, टेबलावरून थेट मुकुलपुढे सरकवला.

“सायबांनी लिवलंय न्हवं? मग सायबांनीच वाचून दावावं की. मराठीत. माझ्याकडं बघून.”