वळणाआधीचा हुंकार

घाट तसा लहानच, पण लेकीने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे आज गाडी बाबांच्या हातात नव्हती. काळा चष्मा लावून ते शेजारच्या सीटवर डुलक्या घेत होते. मागे आई. आईला गाडी लागते, हे घरात जगजाहीर, आणि त्यावर बाबांचा रामबाण उपाय एकच: प्रत्येक वळणाआधी खर्जात "हुंऽऽ" करायचं. पोटाला आधी वर्दी दिली की ते उसळत नाही, हे त्यांचं शास्त्र.

वळण आलं. लेकीने घसा खाकरून "हुंऽऽ" केलं.

"राहू दे," आई हसली. "अडलेल्या म्हशीसारखं वाटतंय."

"अगं, पण तुला उलटी झाली म्हणजे?"

आई पुढे वाकून कुजबुजली, "मला गाडी कधी लागलीच नाही. लग्न होऊन निघालो, तेव्हा माहेर सुटलं म्हणून तोंडाला रुमाल लावून रडत होते. ह्यांना वाटलं, मळमळतंय. लागले हुंकार द्यायला!"

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर बंद केलं असतं ना त्यांनी. मला गाडी नाही गं लागत. तो आवाज लागतो."

तेवढ्यात घाट संपला. पुढे नजर पोचेल तिथवर रस्ता सरळसोट, एकही वळण नाही.

काळ्या चष्म्याआडून, खर्जात, सावकाश आवाज आला, "हुंऽऽ."