गॅलरीतलं ऊन

बिलाच्या धास्तीने कूलर बंद ठेवला की बाळाचं अंग घामोळ्यांनी फुलून यायचं. म्हणून तिने गॅलरीच्या कठड्याला सोलर पॅनेल टांगलं आणि त्याचा प्लग घरातल्याच सॉकेटमध्ये खोचला; उन्हाची वीज त्यातून थेट घरात यायला लागली. पण राज्यात तशी परवानगी देणारा कायदा अजून व्हायचा होता, आणि वरच्या मजल्यावरच्या काकू रोज खाली वाकून ऐकवायच्या, "आमच्या बुडाखाली जाळ लावशील एक दिवस! तक्रारच करते बघ."

दाराची बेल वाजली की हातातलं काम टाकून ती धावायची आणि पॅनेलवर बाळाची ओली दुपटी पसरायची.

अखेर कायदा मंजूर झाला. त्या दिवशी बेल वाजली, तरी ती जागची हलली नाही. दुपटी दोरीवर गेली आणि बाळ कूलरसमोर गाढ झोपलं.

चारच दिवसांनी, भर दुपारी पॅनेलवर सावली पाहून नवरा वैतागला, "अगं, कायदा झालाय ना आता? मग परत कशाला झाकलंस?"



"मी नाही झाकलं," ती वर बघत म्हणाली. "काकूंनी त्यांचं लावलंय."