बाहेरून कडी

"तो पुन्हा आलाय, ताई," फाटकावरचे काका म्हणाले. "त्याच दाराला कान लावून उभा आहे."

ताईंनी हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. कलाकेंद्र त्यांनीच उभं केलं होतं आणि यंदाचं प्रदर्शनही त्यांचंच होतं. मोठ्या दालनात जुनी दारं मांडली होती. भिंत नाही, घर नाही, नुसती चौकटीसकट दारं. दाराला कान लावला की पलीकडून एका बाईचा आवाज यायचा. नाव कुणाचंच नाही. माणसं हसत-बोलत आत शिरायची आणि बाहेर पडताना एकमेकांकडे बघायचीही नाहीत.

तो हिरव्या दाराशी होता. त्या दारातला आवाज ताईंना पाठ झाला होता.

"त्यांचा आवाज कधी चढत नाही. आधी माझे केस हळूच मागे सारतात. मग बाहेरून कडी लावतात. मी कितीही हाका मारल्या तरी उघडत नाहीत. भूक लागली की म्हणतात, नीट वागशील तेव्हा उघडीन."

शेजारच्या पाटीवर ताईंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'नवऱ्याच्या कैदेत'.

"काय हवंय तुम्हाला?" ताईंनी विचारलं.

"हा माझ्या बायकोचा आवाज आहे. ती इथेच आहे ना?"

"इथे कुणी कुणाची बायको नाही. इथे फक्त आवाज आहेत."

"अहो, मला नका भेटू देऊ!" तो एकदम ओरडला. दालनातली सगळी माणसं वळून बघू लागली. "पण दुसऱ्या कुणालाही भेटू देऊ नका. कुणालाच!"

"म्हणजे मला नाही तर कुणालाच नाही, असंच ना?"

त्याने आणखी काही बोलायला तोंड उघडलं, पण तोवर काकांनी त्याचा दंड धरला होता. "चला पाहुणे. आल्या पावली परत."

ताई जिना चढून वर गेल्या. बाहेरगावच्या कलावंतांसाठी ठेवलेल्या खोलीत ती होती. प्रदर्शनासाठी भरवलेल्या शिबिरात हिरव्या दाराला आवाज देऊन गेलेली ती मुलगी नंतर एके दिवशी नेसत्या कपड्यानिशी केंद्राच्या दारात येऊन उभी राहिली होती. तेव्हा ताईंनी या खोलीची बाहेरची कडी सुताराकडून काढून घेतली. आतली तेवढी ठेवली.

"आला होता तुझा शूरवीर," ताई म्हणाल्या. "काकांनी दंड धरला तर मांजर झालं त्याचं."

तिचा चेहरा उतरला. "एकटेच होते ना?"

"एकटाच. आणि फौज घेऊन आला तरी काय? फाटकावर काका, जिन्यात मी."

"ताई, खालची ती पाटी... तुम्ही नवऱ्याच्या असं लिहिलंय, पण..."

"तुझं नाव नाही गं त्यात. उगाच जीव टांगणीला लावू नकोस."

बोलणं अर्ध्यावर सोडायची तिला सवयच होती. मग म्हणाली, "आज आई यायचीय. तिला तेवढं वर पाठवा. बाकी कुणाला नको."

"तुझी आई म्हणजे माझी पाहुणी," ताई म्हणाल्या.

दुपारी दालन रिकामं झालं, तेव्हा एक वयस्क बाई आत आली. हातात कापडी पिशवी, चपला दाराबाहेर काढलेल्या. "इथे चपला चालतात हो," ताई म्हणाल्या, तरी ती अनवाणीच पुढे आली.

"आई आहे मी," ती हलक्या आवाजात म्हणाली. "घर खायला उठलंय हो. राहवेना, म्हणून आले."

ताईंनी तिच्या हातातली पिशवी घेतली. "सुखरूप आहे तुमची लेक."

"लेकच ती." तिने ताईंच्या कपाळावर आलेली बट हळूच मागे सारली. "दमलीस गं तू. माझ्यापायी केवढी धावपळ तुला."

"तो आला होता सकाळी. आवाज चढवला, नुसता तमाशा केला."

"तोंडाची वाफ नुसती. त्याचं पाणी मी केव्हाच जोखलंय."

जिन्याकडे जाताना हिरवं दार लागलं. ती थांबली. कान लावून तिने सगळं शेवटपर्यंत ऐकलं. ताईंना वाटलं, आता ही कोसळते की काय. पण तिने पदराने चौकटीवरची धूळ तेवढी पुसली.

"किती खरं बोलते," ती म्हणाली. "शब्द न् शब्द."

जिन्याच्या तळाशी उभं राहून ताईंनी हाक दिली. "अगं, दार उघड! आई आलीय!"

वर पावलं धावत आली. दार धाडकन उघडलं. ताईंनी पाठ फिरवली. मायलेकींच्या भेटीकडे बघू नये, असं त्यांना वाटलं. पायऱ्या चढणारी पावलं सावकाश होती. मग दार लागलं आणि आतून कडी सरकली. नंतर काहीच ऐकू आलं नाही. गळ्यात पडून रडत असतील, ताई मनाशी म्हणाल्या.

तेवढ्यात फाटकाकडून आरडाओरडा आला. ताई धावत बाहेर गेल्या. काकांनी त्याची कॉलर घट्ट पकडली होती आणि तो आत घुसायला धडपडत होता. धापा टाकत होता. दाराबाहेर काढलेल्या चपलांकडे सारखं बोट दाखवत होता.

"फार उशीर केलास," ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच निर्धास्तपणा होता. "आता वर तिच्याजवळ तिची आई आहे."

त्याची धडपड थांबली. काकांच्या मुठीतली कॉलर सैल पडली.

"तिची नाही हो, ताई," तो म्हणाला. "माझी."