सूना फाटकचा चौदावा भाग

"बाबा, जेवून घ्या ना आता. तो आल्हाद काय पळून चालला का?" सुनेनं, श्रद्धानं, दुसऱ्यांदा हाक मारली.

शालिग्रामराव कॉम्प्युटरपुढून हलले नाहीत. आठ दिवसांपासून त्यांचं आणि या आल्हादचं जुंपलं होतं, तेही एकमेकांचं तोंड न पाहता.

भांडण होतं मुक्त ज्ञानकोशातल्या एका लेखाचं. हा कोश असा, की माणसं त्यात फुकट लिहितात आणि फुकटच भांडतात. 'सूना फाटक', म्हणजे ओसाड फाटक, या दूरदर्शनच्या जुन्या हिंदी मालिकेवर शालिग्रामरावांनी लेख लिहिला : एकूण भाग तेरा. आल्हादनं ते चौदा केले. यांनी परत तेरा. त्यानं परत चौदा. शेवटी कोशावर देखरेख ठेवणाऱ्या एका प्रचालकानं दोघांचेही कान उपटले आणि लेखाला सात दिवसांचं कुलूप घातलं. चर्चा पानावर पुराव्यानिशी काय ते मिटवा, म्हणाला. तिथली रीतच तशी. आठवणीला किंमत नाही, छापील संदर्भ पाहिजे. आणि ज्याचं चुकलं त्यानं स्वतःच्या हातानं दुरुस्ती करायची, म्हणजे मनात काही राहत नाही.

शालिग्रामरावांच्या मते पुरावा घरातच होता. बायकोची, इंदिराबाईंची वही. त्या काळी रविवारी सकाळी रांझीच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये शेजारपाजारची अर्धी लाइन त्यांच्या टीव्हीपुढे बसायची आणि हे तिकडे फॅक्टरीत ओव्हरटाइमला. दुपारी ते घरी आले की ताट वाढता वाढता इंदिराबाई त्यांना भाग सांगायच्या. काही सुटू नये म्हणून आधीच वहीत टिपून ठेवायच्या. प्रत्येक पानाची सुरुवात एकाच शब्दानं : "ऐका." अशी तेरा पानं. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, पण वही उघडली की शालिग्रामरावांना फोडणीच्या वासासकट तो आवाज ऐकू यायचा.

वहीचे फोटो त्यांनी चर्चा पानावर टाकले. आल्हादनं लिहिलं, "वही फार सुंदर आहे. पण घरची वही संदर्भ म्हणून धरता येत नाही."

"वही काय खोटं बोलते?" शालिग्रामराव तेव्हा श्रद्धावरच डाफरले होते.

"माझ्यावर काहून चिडून राहिले? मी तर तेराच म्हणते," ती म्हणाली होती.

आज आल्हादनं संदर्भ आणला होता. जुन्या वर्तमानपत्रातलं रविवारच्या कार्यक्रमांचं पत्रक. पुसट होतं, पण वाचता येत होतं : सूना फाटक, भाग चौदावा व अंतिम. तारीख, २७ नोव्हेंबर १९८८.

तारीख वाचून शालिग्रामरावांनी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाले, "श्रद्धा, इकडे ये."

"क्या हुआ, बाबा?"

"त्या रविवारी मी सुट्टी घेतली होती. त्या वर्षातला तेवढा एकच रविवार. तेरावा भाग होऊन गेला होता. तुझी सासू म्हणे, पोरगा तर घरी आलाच नाही, अशी कशी संपली? मीच शहाणा. म्हटलं, सीरियल तेराचीच असते, संपली, चल. आन् भेडाघाटला घेऊन गेलो."

"आणि लाइनीतले बाकीचे?"

"टीव्ही आपलाच. दाराला कुलूप लावून गेलो ना."

"मतलब पूर्ण लाइनच तेरावर अटकली!" श्रद्धा हसली. सासऱ्यांचा चेहरा पाहून तिचं हसू मावळलं.

मालिकेतला बाप रेल्वे फाटकावरचा गेटमन. पहिल्या भागात पोरगा रुसून गाडीत बसून निघून जातो. तेराव्यात बाप कंदील धरून उभा राहतो आणि गाडी न थांबता जाते. भेडाघाटला नावाड्याच्या यमकं जुळवत चाललेल्या तुकबंदीवर इंदिराबाई खळखळून हसल्या होत्या, पदरात पेरू घेऊन. आणि मधेच म्हणाल्या होत्या, "अहो, तो पोरगा यायला पाहिजे होता." पुढेही कितीदा तरी म्हणाल्या. फाटकाशी रिक्षा थांबली की हमखास. शालिग्रामरावांना तो दिवस आयुष्यातला सगळ्यात चांगला रविवार वाटत आला होता. आजही वाटत होता, आणि म्हणूनच जास्त लागलं.

त्यांनी चर्चा पानावर लिहिलं, "चौदाच. माझं चुकलं." लेखाचं कुलूप कालच उघडलं होतं. रीतीप्रमाणे त्यांनी स्वतःच्या हातानं तेरा खोडून चौदा केले.

मग थोडं थांबून खाली आणखी लिहिलं, "आल्हादजी, एक विचारू का? पोरगा आला का हो? संदर्भ नसला तरी चालेल. आठवणीतून सांगा."

उत्तर दहा मिनिटांत आलं. "आला. मी नऊ वर्षांचा होतो, आजीजवळ बसून पाहिलं होतं. बाप गाडीच्या वाटेकडे पाहत उभा असतो आणि पोरगा मागून, पायवाटेनं चालत येतो. बाप वळून पाहतो. त्याच्या एकट्यासाठी फाटक उघडतो. आजी खूप रडली होती."

शालिग्रामरावांनी ते दोनदा वाचलं.

"बाबा, तिसऱ्यांदा गरम केलं आता," श्रद्धा ताट ठेवत म्हणाली.

"हो, हो. बसतोच."

ते ताटावर बसले खरे, पण ताट जरा बाजूला सरकवलं. वहीचं तेरावं पान उलटलं. पुढचं कोरं होतं. खिशातून पेन काढून त्यांनी वरच्या ओळीत लिहिलं :

"ऐक, इंदिरा. पोरगा आला."